मुलांच्या दातांची पुढची तारीख का चुकवू नये

“आता दुखत नाहीये ना, मग कशाला जायचं?” हे वाक्य दवाखान्यात कोणी म्हणत नाही. ते घरी म्हटलं जातं, बहुधा तारखेच्या आदल्या संध्याकाळी. म्हणणारी कधी आई असते, कधी बाबा, कधी आजी. सोमवारी युनिट टेस्ट, बुधवारी तबल्याचा क्लास, शनिवारी कोणाकडे तरी मुंज. मूल रात्रभर रडलं होतं तेव्हा सगळं सोडून धावलो होतो. आता तेच मूल सकाळी पोहे-जलेबी मजेत खातंय, तर ट्रॅफिकमधून जाऊन दोन तास का घालवायचे? असा हा हिशोब असतो आणि वरवर पाहता त्यात काही चूक दिसत नाही.

मी इथे इंदूरमध्ये लहान मुलांच्या दातांचं काम करते. मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणारे पालक हक्काने प्रश्न विचारतात, त्यातले बरेचसे या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुलांच्या बाबतीत दात दुखायचा थांबणं आणि दात बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दिवशी आम्ही बहुतेक वेळा दुखणं थांबवतो. दात वाचवण्याचं काम पुढच्या तारखेला होतं.

दुखणं थांबतं तेव्हा आत काय चाललेलं असतं

दाताचं बाहेरचं कडक आवरण, त्याच्या आत जरा मऊ थर आणि अगदी आत नस, अशी साधारण रचना. दुधाच्या दातांचं बाहेरचं आवरण पक्क्या दातांच्या मानाने बरंच पातळ असतं, आणि आतली नस दाताच्या आकाराच्या मानाने मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ असते. त्यामुळे मोठ्या माणसाच्या दाढेत कीड नसेपर्यंत पोचायला जेवढा काळ लागतो, त्याच्या कितीतरी कमी काळात ती मुलाच्या दाढेत पोचते. “दिवाळीत तर एवढासा काळा ठिपका होता” असं पालक होळीला सांगतात, ते खरंच असतं.

मूल दुखतंय म्हणून पहिल्यांदा येतं तेव्हा ते घाबरलेलं, न झोपलेलं, उपाशी असतं. अशा वेळी सगळं काम एका बैठकीत करणं दरवेळी शक्य नसतं आणि शहाणपणाचंही नसतं. मग आम्ही किडलेला भाग काढतो, औषध ठेवतो आणि वरून तात्पुरतं सिमेंट भरतो. घरी आल्यावर मुलाच्या तोंडाला लवंगेचा वास येतो, तो या सिमेंटचा. त्यात लवंगेच्या तेलातलंच द्रव्य असतं. दाढ दुखली की आपल्याकडे लवंग धरायची पद्धत आहे, त्यातलाच हा प्रकार. त्याने आराम पडतो. पण हे सिमेंट काही आठवड्यांच्या कामासाठीच असतं. चावून चावून ते झिजतं, कडेने फट पडते, त्यातून लाळ आणि जंतू पुन्हा आत शिरतात. वरून दात भरलेला दिसतो, मूल तक्रार करत नाही, आणि आत कीड पुढे सरकत असते.

दुसरी शक्यता जास्त फसवी आहे. चार दिवस ठणकणारी दाढ पाचव्या दिवशी काही न करता शांत होते. घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पुष्कळदा त्याचा अर्थ आतली नस मेली, एवढाच असतो. मेलेली नस दुखत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून बाहेर हाडात उतरतात आणि काही दिवसांनी हिरडीवर छोटी पुळी येते. “तोंड आलंय, उष्णता झालीय” म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ती फुटते, पू वाहून जातो, आतला दाब कमी होतो, म्हणून ती दुखतही नाही. पुन्हा भरते, पुन्हा फुटते. दुधाच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यातच खालच्या पक्क्या दाताचा कोंब तयार होत असतो. वरचा पू महिनोन्‌महिने तसाच राहिला तर त्या कोंबालाही इजा पोचू शकते, आणि मग नवा दातच डाग पडलेला किंवा खडबडीत बाहेर येतो.

अँटिबायोटिकच्या बाटलीबद्दलही इथेच सांगते. सूज असताना डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने सूज उतरते, कारण औषध रक्तातून आजूबाजूच्या जागेत पोचतं. पण मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, त्यामुळे दाताच्या पोकळीतले जंतू तसेच राहतात. पुढच्या महिन्यात पुन्हा सूज आली की मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवून तीच बाटली आणणं हा उपचार नव्हे. दात उघडून साफ करावा लागतो, नाहीतर काढावा लागतो. तिसरा मार्ग नाही.

“दुधाचेच दात, पडणारच आहेत”

हे वाक्य घरातल्या मोठ्यांकडून हमखास येतं, आणि त्यांच्याशी वाद घालणं अवघड जातं, कारण दात पडणार हे खरंच असतं. कोणता आणि कधी, हे मात्र विचारायला हवं. दुधाचे दात एकूण २०. पुढचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागतात. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. पाच वर्षांच्या मुलाची मागची दाढ किडली, तर तिला अजून पाच-सहा वर्षं चावायचं काम करायचं आहे. म्हणजे जवळजवळ सगळी प्राथमिक शाळा.

दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल करायचं म्हटलं की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ते मोठ्यांच्या रूट कॅनालसारखं नसतं. आत भरायचं औषध असं निवडलेलं असतं, की पुढे मुळं नैसर्गिकरीत्या विरघळतात तेव्हा तेही विरघळावं आणि दात वेळेवर पडावा. पण त्यानंतर वर कॅप बसवावी लागते, कारण किडीने पोखरलेली दाढ चावताना तुटू शकते. सगळ्यात जास्त तारखा इथेच चुकतात. नस साफ झाली, ठणका गेला, कॅपची बैठक राहून गेली. चार-सहा महिन्यांनी भाकरीचा कडक पापुद्रा चावताना दाढ उभी चिरते आणि मग ती काढण्यावाचून उपाय उरत नाही. आधीच्या दोन बैठका, मुलाचं रडणं, आपली रजा आणि पैसे, सगळंच वाया जातं.

दाढ काढली की प्रश्न संपला, असंही नाही. मागची दाढ पुढच्या रिकाम्या जागेत हळूहळू झुकते. खाली वाट पाहणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही, तो आडवा येतो किंवा अडकून बसतो. म्हणून बऱ्याच मुलांना स्पेस मेंटेनर बसवतात. एका दाढेला पट्टी आणि तिला जोडलेली तारेची कमान, असं त्याचं रूप असतं. ते बसवून विसरायचं नसतं. पट्टीखालचं सिमेंट सुटलं तर तिथे अन्न अडकून चांगली दाढही किडते. आणि खालचा नवा दात वर येऊ लागला की ही तार काढावी लागते, नाहीतर ती त्याच्याच वाटेत येते. म्हणून दर काही महिन्यांनी पाहणं आलं. तार बसवून दोन-दोन वर्षं न आलेली मुलं आम्ही पाहतो, कमान हिरडीत रुतलेली असते आणि मूल म्हणतं, “काही त्रास नाही.”

सहा वर्षांची दाढ

माझ्या मते इंदूरच काय, कुठल्याही शहरातल्या पालकांना एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगावी. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे, एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही. सगळ्यांचं लक्ष पुढचा दात हलतोय का याच्याकडे असतं. मागे गुपचूप आलेली ही दाढ पक्की असते, जन्मभर टिकायची असते, आणि आपण तिला दुधाची समजून सोडून देतो.

ही दाढ हिरडीतून पूर्ण वर यायला बरेच महिने घेते. तोवर तिच्या मागच्या भागावर हिरडीची झालर असते, ब्रश तिथे पोचत नाही, आणि वरच्या खाचा खोल असतात. त्या खाचा बंद करणारा पातळ लेप लावता येतो. आम्ही त्याला सीलंट म्हणतो. त्यासाठी सुई लागत नाही, कोरावं लागत नाही. पण दाढ कोरडी ठेवता आली तरच तो चिकटतो, आणि अर्धी हिरडीखाली असलेली दाढ कोरडी राहत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, “तीन महिन्यांनी आणा.” पालकांना वाटतं, आज काहीच केलं नाही, नुसतं पाहिलं आणि पुन्हा बोलावलं, म्हणजे गरज नसावी. गरज होती, दाढ तयार नव्हती. तीन महिन्यांऐवजी दीड वर्षाने मूल येतं तेव्हा पुष्कळदा खाच काळी पडलेली असते आणि लेपाऐवजी फिलिंग करावं लागतं. बसवलेला लेपही अधूनमधून तपासावा लागतो. एखादा तुकडा निघाला असेल तर पुन्हा लावायला पाच-दहा मिनिटं पुरतात. बाराव्या वर्षाच्या आसपास त्याच्याही मागे दुसरी पक्की दाढ येते, तेव्हा हाच प्रकार पुन्हा.

पडल्या-आपटल्यावर

सायकलवरून पडणं, क्रिकेटचा बॉल, शाळेच्या पायऱ्या. पुढच्या दाताला मार लागतो, ओठ सुजतो, आपण धावतो. (पक्का दात मुळासकट बाहेर आला असेल तर तो वरच्या बाजूने धरून, दुधात ठेवून, शक्यतो अर्ध्या तासात दवाखाना गाठावा. दुधाचा दात असेल तर परत बसवत नाहीत.) दात हलत असेल तर शेजारच्या दातांना काही दिवस बांधून ठेवतात. दोन आठवड्यांत दात घट्ट होतो, सूज जाते आणि फोटोत मूल पुन्हा छान दिसू लागतं.

पण मार लागलेल्या दाताची नस लगेच मरते असं नाही. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी मरते. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या पक्क्या दाताचं मूळ अजून पूर्ण तयार झालेलं नसतं. नस जिवंत राहिली तर मूळ वाढत राहतं, मेली तर वाढ तिथेच थांबते आणि दात कायमचा नाजूक राहतो. वेळेत कळलं तर काही करता येतं. ते बाहेरून दिसत नाही, एक्स-रे लागतो. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत दोन-तीनदा, मग सहा महिन्यांनी, वर्षाने अशा तारखा दिलेल्या असतात. “कशाला इतक्या वेळा?” याचं उत्तर एवढंच.

सहा महिनेच का?

सगळ्यांना सहा महिने, असा काही नियम नाही. ज्या मुलाच्या तोंडात एकही कीड नाही, घरी रात्री ब्रश होतो, मधल्या वेळी गोड फारसं नाही, त्याला वर्षाने बोलावलं तरी चालतं. ज्याच्या चार दाढा भरल्या आहेत त्याला तीन महिन्यांनी. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या सरकारी आरोग्य संस्थेनेही मुलांसाठी तीन महिने ते एक वर्ष असं अंतर मुलागणिक ठरवायला सांगितलं आहे. तीन महिन्यांची तारीख मिळाली म्हणजे डॉक्टर फी काढतायत, असा संशय येत असेल तर सरळ विचारा: “याला तीन महिनेच का?” चांगला डॉक्टर उत्तर देईल. फ्लोराइडचं वार्निश परत लावायचं असेल, सुरुवातीची पांढरी कीड थांबली की वाढली ते पाहायचं असेल, असं काहीतरी ठोस कारण असतं.

आपल्या माळव्यात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. धार, झाबुआ भागात काही ठिकाणी जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. बाबांची बदली तिकडे झाली असेल आणि मुलाची पहिली काही वर्षं बोअरचं पाणी पिण्यात गेली असतील, तर नव्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसू शकतात. ते किडीचे डाग नव्हेत. दवाखान्यात ही माहिती द्या, म्हणजे नसती कोराकोरी टळते.

मग तारीख चुकते कुठे?

बहुतेक वेळा कॅलेंडरमध्ये. आपल्या मुलांना सुट्टी लागली की अर्धं मंडळ पुण्या-मुंबईच्या गाडीत असतं. मे महिना आजोळी, गणपतीत मंडळाची नाटकं आणि स्पर्धा, मग नवरात्र, मग दिवाळी. त्यात परीक्षा. उपचार सुरू करतानाच किती बैठका लागतील ते विचारून घ्या आणि गावाला जायची तारीख सांगा. चार बैठकांचं काम जाण्याच्या तीन दिवस आधी सुरू करण्यापेक्षा, तातडीचं नसेल तर परत आल्यावर सुरू केलेलं बरं. येता येणार नसेल तर फोन करून तारीख बदला. संकोच वाटून न कळवता राहिलं की पुढे जायलाच लाज वाटते आणि तिथेच धागा तुटतो. असं झालं असेल तरी या. वर्षभराने आलात म्हणून कोणी रागावलं, तर डॉक्टर बदला, पण दात सोडू नका.

दुसरं कारण भीती. पहिल्या वेळी मूल फार रडलं, म्हणून पुन्हा नेण्याचा धीर आईलाच होत नाही. अनुभव उलटा आहे. काही न दुखता झालेली साधी तपासणी हेच भीतीवरचं खरं औषध असतं, आणि ती मिळते फक्त न दुखणाऱ्या तारखेला. जे मूल ठणका लागल्यावरच दवाखान्यात येतं, त्याच्या डोक्यात दवाखाना म्हणजे ठणका हेच बसतं. घरी “दंगा केलास तर डॉक्टरकाकू सुई टोचतील” हे बंद करा. “अजिबात दुखणार नाही” असं वचनही देऊ नका. एकदा खोटं ठरलं की तुमच्यावरचाही विश्वास जातो. “डॉक्टर दात मोजतील, मग काय करायचं ते सांगतील” एवढं पुरे. लहानांसाठी सकाळची वेळ घ्या, झोपेच्या वेळेची नको.

तिसरं कारण बोलायला अवघड, पण आहे: पैसे. खाजगीत कॅप किंवा तार परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा, आणि इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचा रस्ता धरा. तिथे खर्च बराच कमी येतो. वेळ जास्त लागतो, रांग असते, हे मान्य. पण अर्धवट सोडलेल्या दातापेक्षा रांग बरी.

घरोघरी आई-बाबा दोघं नोकरीला, आणि मुलाला घेऊन येतात आजी-आजोबा. ते प्रेमाने आणतात, वेळेवर आणतात. फक्त त्यांच्या हाती जुने कागद आणि एक्स-रे द्या, मुलाला कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर लिहून द्या, आणि त्या वेळात फोन उचला. “सून ऑफिसात आहे, तिला विचारून सांगते” इथे बैठक वाया गेलेली आम्ही नेहमी पाहतो. दात बधीर करण्याचं इंजेक्शन दिलं असेल तर पुढचे दोन-तीन तास मूल ओठ किंवा गाल चावत नाही ना, हे आजींना जरूर सांगा. मुलांना तो बधीर ओठ चघळायला गंमत वाटते आणि संध्याकाळी तिथे मोठी जखम होते.

शिबिरांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. दंत तपासणी शिबिर म्हणजे पुण्याचं काम, पोरांना टूथपेस्ट मिळते, फोटो निघतात. पण चिठ्ठीवर “तीन दाढांत कीड” लिहून दिल्यावर किती मुलं दवाखान्यात पोचली, हे कोणी विचारत नाही. पालकांना मात्र वाटतं, दात तपासून झाले. पुढचं शिबिर मंडळाने घ्यायचं ठरवलं तर दोन-तीन काकूंनी महिनाभराने चिठ्ठ्यांवरच्या घरी फोन करायचं काम घ्यावं. आपल्याकडे हळदीकुंकवाचं आमंत्रण एकही घर न चुकता पोचतं. हेही त्यांना जमेल.

उपचार अर्धवट असताना गावाला जावंच लागलं, तर निघण्याआधी एक्स-रेचा आणि डॉक्टरांच्या कागदाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. कोणत्या दाढेत काय केलं हे त्यावरून पुण्याच्या किंवा नागपूरच्या डॉक्टरांना कळतं. तात्पुरतं सिमेंट पडलं तर दुखत नसलं तरी दोन-चार दिवसांत दाखवा, तोवर त्या बाजूने चिकट, कडक काही देऊ नका, ब्रश मात्र चालू ठेवा. आणि गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड नीट न उघडणं, गिळायला त्रास यांपैकी काही दिसलं तर कुठल्याच तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तर मोठ्या हॉस्पिटलमध्ये, मुलाला घेऊन जा.